सरकीबाईचे प्रल्हादभाऊ

प्रल्हादभाऊ मेहरे माणसाला नमस्कार करण्याआधी त्याचा अंगठा बघतात.

आम्ही अकोल्याला नव्याने राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून सामान उतरत होतं, मी हमालांशी भांडत होते, आणि शेजारच्या फाटकातून पायजमा-बनियनमधले एक गृहस्थ सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "मॅडम, अंगठा दाखवा," म्हणाले. मी अमरावतीची. आमच्याकडे अनोळखी माणसाने अंगठा मागितला तर तो एक तर जोतिषी असतो, नाहीतर आपलं वावर स्वतःच्या नावावर करून घेणारा. मी विचारलं, "कशावर मारायचाय?"

"माराचा नाई बाप्पा, पाहाचा हाय. फोन कोन्या हातानं धरता?"

"उजव्या."

"म्हंजे खालचा उजवा भाग तुमाले दिसतच नसंल. अंगठ्याखाली जाते तो." त्यांनी फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली, "नळ सकाळी येते, पिंप भरून ठेवजा," असं सांगितलं आणि आले तसे परत गेले. त्या दिवशी मी घरात जाहीर करून टाकलं की शेजार वेडा मिळालाय. पुढे कळलं, वेडा नाही, चित्रकार आहे. फार फरक पडला नाही.

प्रल्हादभाऊंचं म्हणणं असं, की हल्ली माणूस डोळ्यांनी वाचतच नाही, अंगठ्याने वाचतो. "आंधी ज्याले लिहता-वाचता येत नोयतं तो अंगठा लावे. आता ज्याले येते तोच लावून राहिला. मॅडम, सारे अंगठेबहाद्दर झाले!" जगातली कुठलीही गोष्ट ते शेवटी "अंगठ्याचा मामला हाय" या वाक्यावर आणून सोडतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. मी वैतागले. पण चौकशीअंती खरंच निघालं की मुलाने नको तो मेसेज नको त्या मुलीला पाठवला होता. तेव्हापासून मी त्यांच्याशी या विषयावर वाद घालत नाही.

नोकरीत असताना ते शेतीखात्यात तक्ते रंगवायचे. कपाशीवरची कीड, तुरीवरची कीड, तिच्या अवस्था, तिचा बंदोबस्त, असे मोठमोठे तक्ते. हात एकदम सफाईदार. दोष एकच, या माणसाला कुरूप काही काढताच येत नाही. त्यांनी काढलेल्या बोंडअळीला पापण्या होत्या. गालावर लाली होती. बाळापूरकडच्या एका गावात साहेबांनी तो तक्ता झाडाला टांगून तासभर भाषण दिलं, आणि शेवटी एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, "साहेब, हे तं लय गोजिरी हाय. इले माराचं कसं?" सभा हसली, साहेब भडकले, तक्ता उतरवला गेला. प्रल्हादभाऊंनी तो गुंडाळून घरी आणला. अजून त्यांच्या बैठकीत लटकलेला आहे, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला आधी त्या अळीशी ओळख करून घ्यावी लागते.

निवृत्त झाल्यावर हैदराबादला असलेल्या मुलीने त्यांना चित्रं काढायचा टॅब आणून दिला. बायको गेलेली, घरात एकटे. मुलीला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. बाबांचा गेलाच, आमचाही जायला लागला.

त्या टॅबशी त्यांचं वागणं बघायला तिकीट लावायला हवं. जन्मभर ब्रश पाण्यात बुडवायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी टॅबची लेखणी भरल्या पेल्यात बुचकळून खळाखळा धुतली आणि ती बिचारी तिथेच गेली. आता ते शेजारी रिकामा पेला ठेवतात. रंग बदलला की लेखणी रिकाम्या पेल्यात हलवतात, काठावर निथळतात आणि मग पुढचं काढतात. "हाताले समजावून पाह्यलं," म्हणाले, "आयकत नाई."

आणि अकोल्याचा उन्हाळा! आम्हा अमरावतीकरांना अकोल्याबद्दल बोलायला फक्त ऊनच सापडतं, तरी तेही कमीच सांगतो असं मला इथे आल्यावर कळलं. मे महिन्यात त्यांचा टॅब तापून बंद पडला. दुसरा कोणी असता तर दुकानात गेला असता. मी गेले तेव्हा टॅब कूलरसमोर पाटावर निजवलेला, अंगावर ओला दुपट्टा, आणि उशाशी कांदा.

"ऊन लागलं त्याले," प्रल्हादभाऊ हळू आवाजात म्हणाले.

संध्याकाळी टॅब सुरू झाला. मी म्हटलं, कूलरने झाला. ते अजूनही कांद्याचं नाव घेतात.

तर या टॅबवर त्यांनी त्याच बोंडअळीची चित्रकथा नव्याने सुरू केली. अळीचं नाव सरकीबाई. गुलाबी, गुबगुबीत, कापसाच्या बोंडात गादी-उशीसकट राहणारी आणि दिवसभर सरकी खात पडून राहणारी. नवरा पाखरू होऊन उडून गेलाय, त्याचं तिला काही सोयरसुतक नाही. फवारणीला ती अत्तर म्हणते. शेतकरी पाठीवर पंप घेऊन आला की बोंडातून मुंडकं काढून विचारते, "कावून बे, आजबी कालचंच अत्तर आनलं? काई सणासुदीचं नाई का तुयाजवळ?" शेतकरी कपाळाला हात लावतो. हे वाचून शेतकरीच सगळ्यात जास्त हसतात. ज्या अळीने कापूस खाल्ला तिच्यावर हसायला मिळणं हीसुद्धा एक वसुली असावी.

टॅब यायच्या आधी एकदा त्यांनी स्वतःच्या पैशाने सरकीबाईचं पुस्तक छापून बघितलं होतं. दुकानदार म्हणाला, "काका, हे लहान मुलांचं की मोठ्यांचं? कोणत्या फळीवर ठेवू?" सरकीबाईला फळीच नव्हती. गठ्ठे घरी आले आणि पलंगाखाली गेले. फोनवर मात्र फळी नसते. दर सोमवारी सकाळी प्रल्हादभाऊ नवा भाग सोडतात, तो शेतकऱ्यांच्या ग्रुपांतून, बायकांच्या भिशीच्या ग्रुपांतून फिरत फिरत कुठल्या कुठे जातो. रिद्धपूरच्या एका महानुभाव महाराजांचा निरोप आला होता, सरकीबाईने अहिंसेवर काही बोलावं म्हणून. दुबईतून कोणीतरी लिहिलं, वऱ्हाडी वाचून घरची आठवण आली. ना प्रकाशक, ना संपादक, ना दुकान. एक म्हातारा, एक टॅब आणि एक कांदा.

त्यांची चित्रं काढायची रीतही त्यांचीच. एक चित्र म्हणजे पूर्ण एक स्क्रीन. "फोन उभा, म्हून चित्र उभं. जुन्यासारख्या बारीक चौकटी करून वाचनाऱ्याले काय मुंग्या मोजाले लावाच्या?" अंगठ्याने सरकवलं की पुढचं चित्र, त्यावर तिचं बोलणं, आणि हसू नेहमी पुढच्या सरकवण्यात लपवलेलं. अक्षरं कुठे ठेवायची हे ठरवायला ते एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचे आणि शेजारच्या माणसाचा अंगठा फोनवर कुठे कुठे फिरतो ते टक लावून बघायचे. एकदा एका बाईने आरडाओरडा केला. माणसं जमली. प्रल्हादभाऊंनी घाईघाईत सांगितलं, "मी तुमाले नाई पाहून राहिलो बाई, तुमचा अंगठा पाहून राहिलो!" त्याने प्रकरण वाढलंच. शेवटी एका कंडक्टरने ओळखलं, "अरे, हे सरकीबाईवाले काका!" म्हणून सुटले. त्या बाईने मग सोबत फोटो काढून घेतला.

आता कोपऱ्याबद्दल सांगायला हवं.

सरकीबाईच्या प्रत्येक चित्रात उजव्या हाताचा वरचा कोपरा मोकळा असतो. तिथे काही नसतं. ढग नाही, पान नाही, सूर्य नाही, बोलणं तर नाहीच. आभाळ रंगवत आणतात आणि तिथे सोडून देतात, जणू कोणी भाकरीचा तुकडा मोडून नेलाय. शिकल्यासवरलेल्या वाचकांना हा कोपरा फार आवडला. एकाने लिहिलं, ही वऱ्हाडातल्या आटलेल्या पाण्याची खूण आहे. दुसरा म्हणाला, ही कलावंताने सोडलेली वाचकाची जागा. तिसऱ्याने थेट शून्यवादच काढला. मी प्रल्हादभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं हाय. म्हनू द्या."

मी मराठी शिकवते. मोकळ्या जागेत मी सहसा काही बघत नाही, कारण माझ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ती भरपूर असते. पण मलाही वाटलं होतं, असेल काहीतरी खोल.

मग पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. चित्रकथांचं ॲप चालवतात. त्यांना सरकीबाई हवी होती, ॲपवरही आणि छापील रंगीत पुस्तकातही. व्हिडिओवर बोलायचं ठरलं. प्रल्हादभाऊंचा पुण्याच्या मराठीवर भरवसा नाही, म्हणून त्यांनी मला कॅमेऱ्याच्या बाहेर स्टुलावर बसवून ठेवलं. "ते गोड बोलले की मले इशारा करजा, की हे हो म्हनून राहिले का नाई म्हनून राहिले."

समोर एक तरुण मुलगा आणि एक मुलगी. दोघंही मनापासून बोलत होती, खोटं कशाला सांगू. भाषेला हात लावणार नाही म्हणाली. पापण्या तशाच ठेवू म्हणाली. मी इकडून माना डोलावत होते. मग मुलगा म्हणाला, "सर, फक्त एकच. तो कोपरा. फोनवर ती निगेटिव्ह स्पेस छान वाटते, पण मोठ्या टॅबवर आणि पुस्तकात चित्र अपुरं दिसतं. तो तेवढा भराल का?"

"निगेटिव्ह नाई बावा, मोकयी हाय ते," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"हो, पण भरता येईल ना?"

"सबूर. कोपऱ्याले हात लागनार नाई."

आणि त्यांनी अंगठ्याने फोन बंद केला. पुण्याच्या मुलांचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते तसंच गेलं.

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या किडी रंगवल्या, आता कुठे स्वतःच्या कामाला कोणी विचारतंय, आणि हा माणूस वीतभर आभाळासाठी लक्ष्मीला दारातून परत पाठवतोय! मी म्हटलं, "प्रल्हादभाऊ, तुम्ही काय खरंच बयताड आहात का? काय सोनं पुरलंय त्या कोपऱ्यात?"

ते रिकाम्या पेल्यात लेखणी हलवत बसले. मग उठून कपाटातून एक जुना फोन घेऊन आले. हा फोन मी आधी पाहिला नव्हता. त्याच्या काचेवर, उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात, वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी कापून लावलेली. त्यांनी सरकीबाईचा नवा भाग त्यात उघडून माझ्या हातात दिला. काळी पट्टी बरोबर त्या मोकळ्या जागेवर बसत होती. चित्रातलं काहीच झाकलं जात नव्हतं.

"असा फोन दादापाशी हाय," ते पट्टीवर बोट ठेवून म्हणाले. "हिवरखेडले. वावरात पडला, काच तती मेली. कायाच डाग हाय."

मग सगळं बाहेर आलं. दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ नामदेवराव. हिवरखेडला मळा, कापूस आणि भाजीपाला काढतात. बाप लवकर गेला, दादांनी शाळा सोडून मळा धरला आणि धाकट्याला चित्रकलेच्या शाळेत घातलं. पहिली रंगपेटी दादांनीच अकोटच्या बाजारातून आणली होती. पुढे दादांच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवाच्या दाराशी स्वागताचा बोर्ड रंगवायचं काम ओघानेच प्रल्हादभाऊंकडे. त्यांनी हात जोडून उभे असलेले दादाच काढले, हुबेहूब, फक्त जरा हसवायला म्हणून नाक थोडं पुढे. वऱ्हाड दारात आलं. मुलाकडचा कोणी एक खट्याळ माणूस म्हणाला, "नाक तं आलं सामोरं, व्याही मांगून येऊन राहिले!" पाहुणे खो खो हसले. मुलीच्या सासरच्यांसमोर! दादांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. नंतरही म्हटलं नाही. कधीच काही म्हटलं नाही. अबोला पडला तो पडलाच.

अबोलाही कसा, तर रीतसर. प्रल्हादभाऊंची बायको गेली तेव्हा दादा आले, खांदा दिला, तेरवीपर्यंत राहिले, मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं उरकून दिलं. पण बोलणं सगळं तिसऱ्याच्या मार्फत. "त्याले म्हना, दोन घास खा." "दादाले सांगा, मले भूक नाई." दोघं एकाच सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेले. तिसरं कोणी जवळ नसलं तर भिंतीला सांगायचे.

"अन् आता वाचते तो सरकीबाई," प्रल्हादभाऊ म्हणाले.  "त्याची सून मले चोरून फोनवर सांगते. सोमवारी जेवला की चष्मा लावते, खाटेवर बसते अन् वाचते. शिव्या देते, म्हने माया कापूस खाल्ला अन् हा इचे मुके घेऊन राहिला. पन वाचते. हसतेबी."

"मग फोन नवा घ्यायला काय झालं?"

"घेत नाई. बोलता येते ना, मंग कायले पायजे म्हन्ते. चित्र मोठं कराचं, फोन आडवा कराचा, ते त्याले जमत नाई. अन् डागाखाली काय हाय हे तो कोनाले इचारनार नाई. मान हाय ना त्याले! दोन बार समजलं नाई का वाचनंच सोडून देईल. मॅडम, तेवढंच तं राह्यलं आमच्यात." मग म्हणाले, "तुमच्या पुन्याच्या पुस्तकासाठी मी ते घालवू?"

  मी म्हटलं, "एवढं करण्यापेक्षा बसमध्ये बसा आणि हिवरखेडला जा. संध्याकाळच्या आत परत याल."

"मी? मी कसा जाऊ? तो मोठा हाय. त्यानं बोलवाले पायजे."

"आणि तो काय म्हणत असेल?"

"तो म्हनत असंल, लहानानं याले पायजे."

एकाच माळेचे मणी! मी उठून घरी आले आणि रागाने भांडी आपटली.

त्यानंतर काही आठवड्यांनी सूनबाईंचा फोन आला. प्रल्हादभाऊ धावत माझ्याकडे आले. मला वाटलं काही वाईट झालं. तर दादांच्या मुलाने न विचारता नवा मोठा फोन आणून जुना काढून घेतला होता, आणि सूनबाई बाळंतपणाला माहेरी चालली होती. जाताना तिने नव्या फोनवर सरकीबाई कशी उघडायची ते दादांना दाखवलं, पण दादांनी "मले नाई पायजे हे थोबाड" म्हणून फोन कोनाड्यात ठेवून दिला.

"अरे वा," मी म्हटलं, "मग आता कोपरा भरा की!"

"अन् त्यानं जुना परत मांगून घेतला असंल तं?"

"मग नका भरू."

"अन् नव्यावर पाहून राहिला असंल, अन् म्हनंन का हे काय अर्धवट काढते?"

"मग भरा!"

"अन् पाहतच नसंल तं?"

 खबर देणारी सून माहेरी. हिवरखेडहून काही कळायला मार्ग नाही. त्या सोमवारी सरकीबाई आली नाही. पुढच्याही नाही. वाचक विचारायला लागले, बाई आजारी आहेत का? एकाने लिहिलं, "अखेर फवारणी लागू पडली." एरवी प्रल्हादभाऊ हे वाचून लोटपोट झाले असते. आता ते टॅब मांडीवर घेऊन बसायचे, आभाळ रंगवत कोपऱ्यापर्यंत आणायचे आणि तिथे हात थांबायचा. एवढा बडबड्या माणूस, माझा अंगठासुद्धा बघेना. मला करमेनासं झालं. भांडायला तरी कोण होतं मला शेजारी?

एका दुपारी आमच्या दाराची कडी वाजली. उंच, काटक म्हातारा, धोतर, बंडी, डोक्यावर पांढरी टोपी, हातात भाजीने भरलेली थैली. "बाई, चित्रं काढते तो मेहरे कुठीसा राह्यते?" त्यांनी विचारलं. मी नाकाकडे बघितलं आणि ओळखलं. बोर्ड रंगवणाऱ्याने फार काही वाढवलेलं नसावं.

मी त्यांना शेजारी घेऊन गेले. प्रल्हादभाऊ आम्हाला बघून असे उभे राहिले की मांडीवरचा टॅब खाली पडला. कोणी उचलला नाही. दादा खुर्चीवर बसले, थैली पायाशी ठेवली, भिंतीवरच्या अळीकडे बघून घेतलं आणि मला म्हणाले, "बाई, त्याले म्हना पानी दे."

प्रल्हादभाऊंनी पाणी आणलं, माझ्या हातात दिलं. मी दादांना दिलं. "मॅडम, दादाले इचारा, च्या घेता का."

"त्याले म्हना, मंग पाहू."

दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं. मी मधे उभी. दादांनी बंडीच्या खिशातून नवा मोठा फोन काढला, सावकाश, एकेका बोटाने सरकीबाई उघडली आणि फोन माझ्यापुढे धरला. "हा पोरानं घेऊन देल्ला. दोन सोमवार नवं काई आलं नाई, म्हून मी जुनं काढून बसलो. सारं पाह्यलं. मांगचं, त्याच्या मांगचं, पार पयल्यापासून." त्यांनी जाड अंगठ्याने एक चित्र सरकवलं, मग दुसरं, मग तिसरं. "पाहा. अती काई नाई. अतीबी नाई. जती मले डाग होता, तती एकाबी चित्रात काईच नाई. त्याले इचारा, हे असं कावून."

प्रल्हादभाऊ माझ्याकडे बघत होते. "सांगा ना मॅडम."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही सांगा." आणि मी मधून बाजूला झाले.

 मग प्रल्हादभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "दादा, तुले दिसलं नसतं. म्हून तती काई ठेवलं नाई."

दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला. पुसतच राहिले. मग ते बोलले, पण माझ्याशी नाही.

"कोपरा सोडता आला तुले," ते म्हणाले. "घरी येता नाई आलं?"

तुले. मी मराठीची मास्तरीण आहे, इतकी वर्षं विभक्ती शिकवतेय. त्या एका प्रत्ययाने माझ्या डोळ्यांत पाणी येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

"तू बोलत नोयता, दादा," प्रल्हादभाऊ लहान मुलासारखे म्हणाले. "वाटे, आलो अन् तू वावरात निंघून गेला तं?"

"मी मोठा हाय बे. मी आंधी कसा बोलू?" दादा चिडून म्हणाले. चष्मा परत नाकावर चढवला, फोन उलटा करून मांडीवर ठेवला, आणि मग एकदम हळू आवाजात, धाकट्या भावाकडे पहिल्यांदा नीट बघून म्हणाले, "वाचत तं होतो ना रे मी."

प्रल्हादभाऊ खालीच बसले, दादांच्या पायाशी, भाजीच्या थैलीशेजारी, आणि थैलीला धरून रडायला लागले. दादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.